गुडघ्याचा व्यायाम: किती, कसा आणि कधी वाढवायचा

एक्स-रे पाहून ‘गादी झिजली, गॅप कमी झालाय’ असं कानावर पडलं की बहुतेक घरांत पहिल्यांदा चालणं थांबतं. मग जिना सुटतो, बाजार सुटतो, देवळात जाणं सुटतं. तीन-चार महिन्यांत मांडी बारीक होते आणि खुर्चीतून उठायलाही हात टेकावे लागतात. या अडून बसण्यात गादीइतकाच, पुष्कळदा गादीपेक्षा जास्त वाटा सुकलेल्या मांडीचा असतो.

झिजलेली कूर्चा, म्हणजे हीच गादी, व्यायामाने परत उगवत नाही, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. पण पाऊल टेकताना बसणारा हिसका मांडीच्या पुढच्या स्नायूने झेलायचा असतो. तो थकलेला असेल तर सगळा मार सांध्यावर येतो. शिवाय कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दाब पडतो आणि सुटतो तसं सांध्यातलं वंगण तिच्यात आत-बाहेर होतं, त्यातूनच तिचं पोषण होतं. म्हणजे बेताने चालणं-उठणं हे गुडघ्याचं खाणंपिणं आहे.

व्यायाम सांगितलेला असूनही फरक पडत नाही, याचं नेहमीचं कारण एकच: पाय दहा वेळा उचलायचा, तोही वर्षानुवर्षं तेवढाच. स्नायूला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं जास्त ओझं मिळालं नाही तर तो वाढत नाही. म्हणून पुढे सगळीकडे आकडे दिले आहेत. ते मोजा, लिहा आणि वाढवा.

आधी मोजमाप

भिंतीवर दिनदर्शिका असतेच. सुरुवातीच्या तारखेच्या चौकोनात चार आकडे लिहा.

पहिला खुर्चीचा. बिनहाताची, साधारण ४३ सेंटीमीटर म्हणजे १७ इंच उंच बैठकीची खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवा, कारण प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते. हात छातीवर आडवे धरा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. अमेरिकेतल्या ज्येष्ठांसाठीच्या तक्त्यात ६० ते ६४ वयाच्या बायकांचा आकडा १२च्या खाली आणि पुरुषांचा १४च्या खाली गेला तर पाय कमजोर धरतात. ७० ते ७४ वयाला हेच आकडे १० आणि १२ आहेत. आपल्याला तुलना मुख्यतः स्वतःशीच करायची आहे. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर ‘शून्य’ लिहा आणि हात टेकून किती जमलं ते बाजूला नोंदवा. पुढे हा आकडा दोन-तीनने वाढला तर तो खरा फरक समजा.

दुसरा जिन्याचा: घरच्याच नऊ-दहा पायऱ्या चढून उतरायला किती सेकंद लागले, आणि कठडा धरला होता का. तिसरा सरळपणाचा: पलंगावर पाय लांब करून बसा आणि गुडघ्याखाली किती बोटं आडवी जातात ते पाहा. दोन्ही पायांत फरक असेल तर तो महत्त्वाचा. चौथा घेराचा: शिंप्याच्या टेपने वाटीच्या बरोबर मध्यावर गुडघ्याचा घेर मोजा. दर वेळी सकाळीच मोजा.

घेर यासाठी की सूज स्नायूला बंद पाडते. सांध्यात थोडं जरी पाणी वाढलं तरी तिथून मज्जारज्जूकडे जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडता हात घ्यायला लावतात. माणूस जोर लावतो, पण स्नायू पूर्ण आवळत नाही. अशा वेळी वजन वाढवून उपयोग नसतो, आधी सूज उतरवावी लागते.

किती दुखलं तर चालतं

शून्य ते दहाच्या मापात, शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना दोनपर्यंत दुखणं बिनधोक, तीन ते पाच चालण्याजोगं, पाचाच्या वर गेलं की जास्त झालं. दुसरी कसोटी दुसऱ्या दिवशीची: २४ तासांत दुखणं नेहमीच्या पातळीवर आलं पाहिजे आणि घेर वाढलेला नसावा. वाढला असेल तर दोन दिवस निम्मं करा, पण पूर्ण बंद करू नका. मांडीत जडपणा, अंग आंबल्यासारखं दुखणं ही स्नायूने काम केल्याची खूण असते. सांध्याच्या आत टोचणं, सूज येणं, पाय लटपटणं हा वेगळा प्रकार आहे.

साहित्य

सोलापुरात राहणाऱ्याला बाहेरून काही विकत आणायची गरज नाही. एक जाड टर्किश टॉवेल, घडी घातलेल्या तीन-चार सोलापुरी चादरी, बाद झालेली सायकलची ट्यूब, एक न डगमगणारा पाट आणि वाळूच्या थैल्या एवढं पुरतं.

थैली अशी करा. जुन्या जीनच्या कापडाच्या दोन कप्पे असलेल्या पट्ट्या शिवा, म्हणजे घोट्याच्या दोन्ही बाजूंना सारखं वजन लटकेल. शिवण दुहेरी घाला, नाहीतर वाळू गळते. कोरडी वाळू लिटरला साधारण दीड किलो भरते, म्हणजे अर्ध्या किलोला एक-तृतीयांश लिटर. किराणा दुकानात तोलून घेतलेली बरी. पाव किलोच्या पुड्या बांधून कप्प्यात घाला. वजन वाढवायचं झालं की दोन्ही कप्प्यांत एकेक पुडी टाकायची, की अर्धा किलो वाढला. बांधायला रुंद नाडी घ्या, बारीक दोरी कातडीत रुतते. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर थैलीखाली मऊ फडकं गुंडाळा आणि सोडल्यावर कातडी डोळ्यांनी तपासा.

पहिले दोन आठवडे: स्नायू जागा करणं

टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवा. पाय लांब, पाऊल स्वतःकडे ओढलेलं. आता गुडघ्याने टॉवेल गादीत दाबा, मांडी कडक होऊन वाटी वर सरकताना दिसली पाहिजे. दहा सेकंद धरा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांडी नीट आवळत नसेल तर तिच्यावर हात ठेवून दाबा, हाताला कळलं की मेंदूला लवकर कळतं. श्वास रोखू नका, मोठ्याने आकडे मोजा. रक्तदाब असणाऱ्यांनी तर हे कटाक्षाने पाळावं.

मग सरळ पाय उचलणं. उताणं झोपा, दुसरा गुडघा वाकवून तळवा गादीवर. सरळ पाय फूटभर उचला, पाच मोजेपर्यंत धरा, सावकाश ठेवा. दहाचे तीन गट. त्याहून उंच नेला तर काम मांडीकडून खुब्याकडे आणि कमरेकडे जातं. उचलताना गुडघा थोडा वाकत असेल तर स्नायूला शेवटचे काही अंश सांभाळता येत नाहीत असं समजा आणि आठवडाभर टॉवेलवाल्या व्यायामावरच राहा. वाकलेल्या गुडघ्याने पाय उचलत राहिलात तर तीच सवय पक्की होते.

कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं हा व्यायाम लोक हमखास गाळतात. खुब्याच्या बाजूचा स्नायू ढिला पडला की एका पायावर भार आल्यावर माणूस डुलत चालतो आणि गुडघा आत झुकतो. करताना चूकही ठरलेली: शरीर मागे कलतं, बोटं छताकडे वळतात. त्यावर उपाय म्हणजे भिंतीला पाठ लावून झोपा आणि टाच भिंतीला घासतच वर न्या. टाच भिंतीपासून सुटली की चुकलं.

गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर रोज दोनदा टाच जाड गुंडाळीवर ठेवून गुडघा खाली अधांतरी सोडा. पाच मिनिटांपासून दहापर्यंत न्या. आणि रात्री गुडघ्याखाली उशी घेणं थांबवा. उशीने बरं वाटतं, कारण थोड्या वाकलेल्या अवस्थेत सांध्यात जागा जास्त होते आणि सुजेचा ताण कमी होतो. पण रोज सहा-सात तास तसंच राहिलं की मागची बाजू आखडते. मग उभं राहतानाही गुडघा वाकलेला राहतो आणि मांडीला क्षणभर विसावा मिळत नाही. पाठ दुखते म्हणून उशी हवीच असेल तर कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मध्ये घ्या.

वाकण्यासाठी टॉवेल पावलाभोवती घालून टाच कुल्ल्याकडे ओढा, दहा वेळा. सपाटीवर चालायला गुडघा साठ-पासष्ट अंश वाकावा लागतो, जिन्याला नव्वदच्या आसपास. उकिडवं बसायला १३०च्याही वर. हा शेवटचा आकडा सगळ्यांना परत मिळतोच असं नाही, आणि त्याच्यासाठी ओढाताण करण्यात शहाणपण नाही.

तिसऱ्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत: ओझं आणि चादरी

इथून पुढे ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. स्नायू विश्रांतीच्या दिवशी भरतो. ८ ते १२ वेळांचे दोन ते तीन गट करा. शेवटच्या दोन वेळा कष्टाने व्हायला हव्यात. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी १२ सहज झाले की अर्धा किलो वाढवा.

सर्वांत कामाचा व्यायाम खुर्चीतून उठणं-बसणं. रोजच्या जगण्यात गुडघ्याला हेच करायचं असतं. भिंतीला टेकलेल्या खुर्चीवर घडी घातलेल्या चादरी रचून बैठक ५० ते ५५ सेंटीमीटर करा. चादरी सरकू नयेत म्हणून खुर्चीला दोरीने बांधा. पावलं गुडघ्याच्या रेषेपेक्षा चार बोटं मागे, खांद्याइतकी रुंद. नाक पावलांच्या वर येईपर्यंत पुढे झुका आणि मग उठा. बसताना तीन मोजत खाली या. शेवटच्या चार बोटांत धप्पकन सोडून देण्याचा मोह होतो, पण ताकद तिथेच तयार होते. गुडघे पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने राहिले पाहिजेत. ते आत चिकटत असतील तर ट्यूब दोन्ही मांड्यांभोवती गुडघ्यांच्या वर बांधा आणि ती ताणून धरत उठा. १२ वेळा सहज जमलं की एक चादर काढा. एकदम दोन काढू नका, बैठक खाली गेली की वाटीवरचा दाब झपाट्याने वाढतो. दुखरा पाय पुढे ठेवून सगळा भार चांगल्या पायावर टाकण्याची सवय पुष्कळांना असते आणि ती त्यांना स्वतःला कळत नाही. घरातल्या कुणालातरी समोरून पाहायला सांगा.

बसून पाय सरळ करणं: अर्ध्या किलोची थैली बांधून दोन सेकंदांत वर, दोन सेकंद धरून, तीन सेकंदांत खाली. वाटीखाली चरचरत असेल तर पूर्ण वाकलेल्या अवस्थेतून न करता, निम्म्यापासून सरळपर्यंतच करा.

पायरी: पाट भिंतीजवळ, खाली रबरी पायपुसणं. विटा रचू नका, त्या उलटतात. संपूर्ण तळवा पाटावर ठेवून चढा. मागच्या पायाने उसळी मारली की व्यायाम त्या पायाचा होतो, म्हणून मागच्या पायाची बोटं वर उचलून धरा, म्हणजे ढकलताच येत नाही. पाटावरून जमलं की जिन्याची पहिली पायरी.

सातव्यापासून बाराव्यापर्यंत

आता पायरीवरून पुढच्या बाजूला हळू उतरणं, कठडा धरून एका पायावर वीस-तीस सेकंद उभं राहणं, ट्यूब घोट्यांभोवती घालून आडवं चालणं, टाचा उचलणं हे जोडा. जुन्यांपैकी टॉवेल दाबणं सोडलं तरी चालेल. खुर्ची आणि पायरी सोडू नका.

चालणं पहिल्या दिवसापासून चालू असतं. दहा-दहा मिनिटं दिवसातून दोन-तीनदा सुरू करा, दर आठवड्याला थोडं वाढवा. गुडघेदुखी असलेल्यांवरच्या अभ्यासात दिवसाला सुमारे ६ हजार पावलं चालणाऱ्यांमध्ये पुढे हालचाल अडण्याचं प्रमाण कमी दिसलं. फोन पावलं मोजतो. सपाट जागा निवडा: शाळेचं मैदान, बाग, सिद्धेश्वर तलावाचा काठ. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी सातच्या आत परत या. कोजागरीला तुळजापूरला पायी जायचा नेम असेल तर तो ४० किलोमीटरच्या वरचा रस्ता आहे. तीन महिने आधी मोजून वाढवत न्या. आठवड्यातली सर्वांत लांब चाल दहा-बारा किलोमीटरपर्यंतही सूज न येता जमत नसेल, तर त्या वर्षी शेवटचा टप्पाच चाला. सुजलेल्या गुडघ्याने पूर्ण वाट रेटली तर पुढचे दोन महिने अंथरुणात जातात.

काम करताना

विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसतात. त्यांना ‘खाली बसू नका’ सांगून घर चालत नाही. पन्नास विड्या झाल्या की पाय लांब करा, टाच दाबून दहा वेळा मांडी आवळा, मग बसा. पाठ भिंतीला, कुल्ल्याखाली दुहेरी घडीची चादर, म्हणजे गुडघा कमी वाकतो. एक पाय लांब आणि एक दुमडलेला असं आलटून-पालटून बसा. खुर्ची आणि मांडीवर फळी हा बदल जमला तर त्याहून चांगलं. हाताचा वेग आठवडाभर कमी होतो, नंतर हात बसतो.

यंत्रमागावर पाळीभर उभं राहणाऱ्यांनी पायांखाली रबरी मॅट किंवा जाड गोणपाटाची घडी टाकावी. धागा तुटला की वाकायचं ते कमरेतून नको, एक पाय पुढे टाकून. जेवणाच्या सुट्टीत पाय उंच ठेवा.

पाणी येण्याच्या दिवशी गुडघे सगळ्यांत जास्त बिघडतात. नळ खाली, कळशी भरलेली, उकिडवं बसून उचलायची आणि वळायचं. नळाला पाइप लावून पिंपात थेट पाणी घ्या. कळशी भरायचीच तर अर्धी, आणि ती पाटावर ठेवून भरा. पाऊल रोवून नुसता गुडघा पिळू नका, पावलं उचलून वळा. भाकरी ओट्यावर थापताना एक पाय बुटक्या पाटावर ठेवा आणि दर तीन-चार भाकऱ्यांनी बदला.

जमिनीवर बसायचंच असेल तर पायऱ्यापायऱ्यांनी: पलंग, मग चौरंग, मग जमीन. उठताना आधी एका कुशीला वळा, दुखरा गुडघा जाड चादरीवर टेका, चांगलं पाऊल पुढे रोवा, हात पलंगावर, आणि चांगल्या पायाच्या जोराने उठा. हे एकटं असताना पहिल्यांदा करून पाहू नका. संडासात भारतीय भांडं असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची घ्या आणि भिंतीत पक्का दांडा बसवा. टॉवेल अडकवायच्या दांड्यावर भार देऊ नका, तो उपटून हातात येतो.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. काठी आणि दुखरा पाय एकाच वेळी पुढे पडतात, म्हणून भार वाटला जातो. दुखऱ्याच बाजूला काठी धरलेली माणसं रस्त्यात रोज दिसतात, त्यांना तिचा निम्मासुद्धा उपयोग होत नाही. उंची: हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत. खालचं रबर झिजलं की बदला.

वजन, औषधं, पट्टे

अंगातलं एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. ८० किलोच्या माणसाने आठ किलो कमी केले तर दुखण्यात स्पष्ट फरक पडतो, आणि व्यायामाची जोड असेल तर जास्त. ज्वारीची भाकरी सोडायची गरज नाही. शेंगाचटणीवर ओतलेलं तेल मोजा, मोठ्या चमच्यात जवळपास १२० कॅलरी असतात. डाळ, मटकी, अंडी कमी करू नका, नाहीतर चरबीबरोबर मांडीही उतरेल. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून.

डायक्लोफेनॅक जेल गुडघ्याला उपयोगी पडतं, पण वाटाण्याएवढं लावून नाही. एका वेळी दोन ते चार ग्रॅम, दिवसातून तीन-चारदा लागतं, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब आठवडाभरही टिकत नाही. त्यावर गरम शेक देऊ नका. आखडलेपणाला शेक आणि ताज्या सुजेला फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पंधरा मिनिटं. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या इथल्या उन्हाळ्यात विशेष धोक्याच्या: अंगातलं पाणी कमी, त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू आणि वर ही गोळी, यात मूत्रपिंडाला इजा होते. गुडघ्याच्या मऊ पट्ट्याने ऊब आणि धीर येतो, बाहेर जाताना वापरा, झोपताना काढा.

गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, पडल्यावर पायावर भार देता येईना, गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, किंवा एकच पोटरी सुजून दुखू लागली तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि गुडघ्यात काहीच सापडत नसताना मांडीच्या सांध्यात जांघेकडे दुखत असेल तर खुबा तपासून घ्या, त्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं.

बाराव्या आठवड्याच्या शेवटी तेच चार आकडे, त्याच खुर्चीवर आणि त्याच जिन्यावर, पुन्हा मोजा. खुर्चीचा आकडा वाढला असेल तर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम कायम ठेवा. सगळं नीट करूनही आकडे तसेच असतील, रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड असेल, तर सांधेबदलाविषयी अस्थिरोगतज्ज्ञांशी बोला. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७मध्ये कमाल मर्यादा घातली आहे, म्हणून अंदाजपत्रकात इम्प्लांटची किंमत वेगळी लिहून मागा. शस्त्रक्रिया ठरली तरी तोपर्यंत चादरी काढत राहा, मांडी मजबूत असलेला माणूस नंतर लवकर चालतो. लग्नसराई, आजारपण यांत दोन आठवड्यांचा खंड पडला तर थैलीतलं वजन निम्मं करून, खुर्चीवर एक चादर परत ठेवून सुरू करा.